भंडारदऱ्याला दोन मुक्काम

आमच्याकडे कॅम्पिंगची तारीख तिथीवरून ठरते. मार्गशीर्ष अमावास्या झाली, पौष लागला, की शुद्ध द्वितीया-तृतीयेच्या जवळचा शनिवार शोधायचा. यामागची कारणं अगदी रोकडी आहेत. पौषात लग्नकार्यं नसतात, त्यामुळे ऐन वेळी कुणाची हळद किंवा कुणाचा साखरपुडा निघत नाही. भात कापून झोडून झालेलं असतं, म्हणून धरणाकाठची खाचरं मोकळी आणि कोरडी मिळतात. सासूबाई अमावास्येला घराबाहेर मुक्काम करू देत नाहीत, द्वितीयेला मात्र त्यांची हरकत नसते. आणि द्वितीयेची कोर मुलांना सूर्यास्तानंतर नीट बघायला मिळते, तास-दोन तासांत मावळते आणि मग रात्रभर आकाश पूर्ण काळं राहतं.

आम्ही नाशिकचे. घरात मी, नवरा, साडेआठ वर्षांची थोरली, पाच वर्षांचा धाकटा आणि सासूबाई. सिन्नरहून भाऊजी, जाऊबाई आणि अकरा वर्षांचा पुतण्या येतात. एवढ्या वयांची माणसं एकत्र बाहेर झोपणार असतील तर नियोजन भरपूर लागतं, आणि ते सगळं मोठ्यांनी घरीच उरकायचं, या मताची मी आहे. थंडीचं काय, अंधाराचं काय, रात्री शू लागली तर काय, जेवण कधी, झोपायचं कुठे, हे प्रश्न निघण्याआधी सुटलेले हवेत. ते सुटले असले की तिथे पोचल्यावर मुलांना संपूर्ण दिवस रिकामा देता येतो. मुलांसाठी कॅम्पिंगमधली खरी चैन तो रिकामा दिवस आहे असं मला मनापासून वाटतं. क्लास नाही, वेळापत्रक नाही, ‘चला, आता पुढचा पॉइंट’ नाही.

म्हणून पहिला नियम: ठिकाण एक आणि मुक्काम दोन. एका मुक्कामाची सहल मुलांना दमवते. पहिल्या दिवशी प्रवास आणि तंबू, दुसऱ्या दिवशी आवराआवर आणि प्रवास, मध्ये काही उरतच नाही. शिवाय पहिली रात्र नवी असते. बाहेरचे आवाज, पाठीखालची जमीन, तंबूचं हलणारं कापड, यात मुलं उशिरा झोपतात आणि लवकर उठतात. दुसऱ्या रात्री तीच मुलं आठ-साडेआठला डोळे मिटून पडतात. त्यामुळे आम्ही शुक्रवारची सुट्टी टाकतो. शाळेतून एक दिवसाची परवानगी मागताना मी कारण खरं तेच लिहिते. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

भंडारदरा आमच्यापासून साधारण सत्तर किलोमीटर. मुंबई हायवेने घोटी, तिथून आत वळून शेंडी. नकाशा उघडला की नवऱ्याचे हात शिवशिवतात, कारण त्या एका टापूत काय नाही? बारीतून कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. साम्रदजवळची सांदण दरी. रतनगड आणि त्याच्या माथ्यावरचं नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक. रंधा धबधबा. घाटघरचा कोकणकडा. त्याची यादी मी शांतपणे वाचते आणि त्यातली एक गोष्ट ठेवते. पाच वर्षांच्या मुलाला सांदणमध्ये नेणं मला मान्य नाही. आत मोठमोठे धोंडे आहेत, पाण्यातून जावं लागतं, अंगावर उठणारे कडे आहेत. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या थोरली आणि पुतण्या चढतील, पण तो वेगळा दिवस, वेगळी सहल. सगळं एकात कोंबलं की मुलांच्या लक्षात फक्त गाडी राहते.

दुसरा नियम: वेळ सूर्यास्तापासून उलटी मोजायची. डिसेंबरअखेरीस आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि पश्चिमेला डोंगर असला तर ऊन त्याच्याही आधी जातं. ऊन गेलं की धरणाकाठी गारठा झपाट्याने उतरतो. तेव्हा सहाला प्रत्येक मुलाच्या अंगात स्वेटर आणि डोक्याला कानटोपी हवी. त्याआधी, पाचला, अंथरुणं तंबूत लागलेली हवीत. चारला तंबू उभा हवा. मुलांना हात लावू देत तंबू उभारायचा तर तासभर धरायचा, म्हणजे तीनला जागेवर. जेवून, थोडं थांबून, नाशिकहून बाराला निघालं की सगळं जमतं. ‘निघू दुपारी कधीतरी’ असं ठेवलं की अंधारात खुंट्या ठोकायची वेळ येते, आणि अंधारात रडवेल्या मुलाला कडेवर घेऊन कुणालाच खुंटी ठोकता येत नाही.

जागा निवडताना मी फोटो कमी बघते, फोन जास्त करते. धरणाभोवतीच्या वळणाच्या रस्त्यावर मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी गावं लागतात. वस्ती बहुतेक महादेव कोळी समाजाची. भात निघाल्यावर यातले बरेच जण आपल्याच खाचरात तंबूंची सोय करतात, घरचं जेवण देतात. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, तेव्हा मनाला येईल तिथे गाडी थांबवून तंबू ठोकायचा नाही. गावकऱ्याच्या स्वतःच्या जागेत राहिलं की परवानगीचा घोळ नसतो, अडीअडचणीला हाक मारायला घर असतं आणि पैसे त्या घरात जातात.

फोनवर माझे प्रश्न ठरलेले असतात. तंबूपासून संडास किती पावलांवर? त्यात रात्री दिवा असतो का? पाणी कुठून येतं? आमच्या शेजारी त्या रात्री किती लोक असतील, आणि स्पीकर लावतात का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस घुटमळला तर मी दुसरा नंबर फिरवते. रात्री एक वाजेपर्यंत वाजणाऱ्या गाण्यांत लहान मूल झोपत नाही, आणि ज्या शांततेसाठी एवढं लांब यायचं तीच हातची जाते. सव्वीस जानेवारीला जोडून येणारा शनिवार-रविवार आणि एकतीस डिसेंबर आम्ही याच कारणासाठी कटाक्षाने टाळतो. सासूबाईंसाठी यजमानांच्या घरात एक खोली आणि खाट मिळेल का, हेही तेव्हाच विचारायचं. दिवसभर त्या आमच्यासोबत खुर्ची टाकून बसतात, रात्री पाठ टेकायला भिंतींच्या आत जातात.

तंबू मात्र आम्ही आपला नेतो. ‘चार माणसांचा’ म्हणून विकला जातो त्यात दोन मोठे, दोन लहान आणि फक्त पांघरुणं मावतात, सामान गाडीत राहतं. जागा बघताना पाण्याच्या अगदी कडेला जायचं नाही. काठावर ओल असते, वारा असतो आणि मूल उठून चार पावलं चाललं की पाणी. सगळ्यांत खोलगट खाचरही सोडायचं, कारण थंड हवा जड असते, ती रात्री तळाशी साचते. एक-दोन बांध वरचं खाचर बरं. कापलेल्या भाताचे बुडखे टोचतात, म्हणून खाली ताडपत्री आणि तिच्यावर तंबू. झाडाखाली उभारायचा तर मान वर करून वाळलेली फांदी आणि आग्या मोहोळ बघून घ्यायचं. मोहोळ दिसलं तर शेकोटी तर नाहीच, तंबूसुद्धा नाही.

निघण्याआधीच्या रविवारी आम्ही गच्चीवर झोपतो. तोच तंबू, तीच अंथरुणं. हा सराव मी कुणालाही सांगेन, विशेषतः घरात सातपेक्षा लहान मूल असेल तर. गच्चीवर कळतं की धाकट्याला तंबूची चेन आतून उघडता येते की नाही. अंधारात त्याला कशाची भीती वाटते तेही कळतं. आमच्याकडे ती भीती तंबूवर हलणाऱ्या सावल्यांची निघाली. मग त्याच रात्री त्याला टॉर्चने स्वतः सावल्या करायला शिकवलं, ससा, कुत्रा, पाखरू. भंडारदऱ्याला पोचेपर्यंत सावली हा त्याचा खेळ झाला होता.

थंडीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मुलं आजारी पडतील या धास्तीनेच बहुतेक घरं बेत रद्द करतात. थंडी वरून जितकी लागते त्याहून जास्त जमिनीतून चढते. वर तीन पांघरुणं आणि खाली पातळ चटई असेल तर रात्रभर कुडकुडायला होतं. आम्ही ताडपत्रीवरच्या तंबूत आधी फोमची चटई, तिच्यावर सतरंजी, तिच्यावर घोंगडी घालतो आणि मग स्लीपिंग बॅग. घोंगडी सासूबाईंची आहे, जाड, काळी, टोचरी. मुलं तिच्यावर थेट झोपत नाहीत पण तिच्याइतकी ऊब दुसऱ्या कशाने येत नाही. दुसरं म्हणजे कपडे. दिवसभर पळून घामेजलेल्या कपड्यांत मूल झोपवायचं नाही. आतला बनियन, मोजे सगळं बदलायचं. झोपायचे कपडे वेगळ्या पिशवीत, गाठ मारून, दिवसा त्यांना हात लावायचा नाही. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून झाकण घट्ट लावायचं, तिच्यावर जाड लोकरी मोजा चढवायचा आणि ती पायाशी ठेवायची. पहाटेपर्यंत पाय गरम राहतात.

आणि तंबूची खिडकी थोडी उघडी ठेवायची. थंडी येईल म्हणून सगळं गच्च बंद केलं तर श्वासांची वाफ कापडावर आतून जमते आणि पहाटे अंथरुणावर थेंब पडतात. याहून गंभीर गोष्ट शेगडीची. निखारे, कोळशाची शेगडी, गॅसचा हीटर, यातलं काहीही तंबूच्या आत न्यायचं नाही, विझत आलेलंसुद्धा नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो कळत नाही आणि त्याने जीव जातो. ही गोष्ट मी मोठ्या मुलांनाही कारणासकट सांगितली आहे. पुतण्या आता दर मुक्कामाला यजमानांकडे जाऊन शेकोटी कुठे पेटणार हे विचारून येतो आणि तंबूपासून पावलं मोजतो.

रात्रीच्या बाथरूमचा प्रश्न मुलं बोलून दाखवत नाहीत, पण त्यांच्या मनात तोच सर्वांत मोठा असतो. दिवसाउजेडी, पोचल्या पोचल्या, आम्ही सगळी पोरं घेऊन तंबू ते संडास चालतो. कुठे बांध आहे, कुठे दगड, कुठे तंबूची दोरी, ते त्यांनीच मला दाखवायचं. दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधतो, म्हणजे रात्री पाय अडकत नाही. नऊ वाजता सगळ्यांची एक फेरी, लागो न लागो. मध्यरात्री उठायचं झालं तर मला किंवा त्याच्या बाबाला उठवायचं आणि आम्ही चकार शब्द न बोलता उठायचं, हे आमच्याकडून मुलांना दिलेलं वचन आहे. टॉर्चवर पतंगाचा लाल कागद रबराने बांधतो. संक्रांत तोंडावर असते, त्यामुळे तो नाशिकच्या कोणत्याही गल्लीत मिळतो. लाल उजेडात वाट दिसते आणि अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत, तारे लगेच पुन्हा दिसतात.

अंधारात पाऊल टाकायचं तिथे आधी उजेड टाकायचा. बूट झटकून घालायचे. जळणाचा ढीग आणि दगड मुलांनी हलवायचे नाहीत, तिथे विंचू असतो. खाण्याचे डबे तंबूत ठेवायचे नाहीत. हा बिबट्याचाही प्रदेश आहे, म्हणून सूर्य मावळल्यावर कुणीही मूल एकटं खाचराबाहेर जायचं नाही. हे सगळं आम्ही घाबरवून सांगत नाही, रस्ता ओलांडायचे नियम सांगतो त्याच आवाजात सांगतो. औषधांच्या डब्यात तापाचं औषध, ओआरएस, जंतुनाशक मलम, पट्ट्या, चिमटा, मच्छरांचं मलम आणि उलटीचं औषध, कारण घोटीनंतरच्या वळणांवर थोरलीला मळमळतं. जवळचा सरकारी दवाखाना कुठे आहे हे यजमानांना आधीच विचारून ठेवायचं. साप चावलाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. माणसाला हलू न देता थेट दवाखाना, आणि १०८ ला फोन.

कामाचं वाटप हा मुलांचा सर्वांत आवडता भाग आहे. काम खरं हवं, म्हणजे त्यांनी केलं नाही तर अडेल असं. धाकटा खुंट्यांचा मालक. पिशवीतून मोजून द्यायच्या, शेवटच्या दिवशी मोजून घ्यायच्या. त्याला वीसपर्यंत आकडे याच खुंट्यांनी पक्के झाले. थोरली पाण्याची प्रमुख. प्रत्येकाची बाटली भरलेली आहे का हे ती बघते, आणि दुपारी आजीने पाणी प्यायलं नाही तर आजीला रागावते. पुतण्या कचरा सांभाळतो. ओला यजमानांच्या उकिरड्यात त्यांना विचारून, सुका गोणीत भरून परत नाशिकला. चिप्सच्या पिशव्या आम्ही नेतच नाही, त्यामुळे गोणी हलकी राहते. त्याऐवजी जाऊबाईंचा चिवडा, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, खजूर, केळी, पेरू.

पहिल्या रात्रीचं जेवण घरून नेतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, आणि तिथे यजमानांकडून फक्त गरम कढी किंवा आमटी. पोचलेल्या दिवशी स्वयंपाक मांडायचा नाही. मुलांना सातला जेवायला मिळायला हवं, आणि नव्या चुलीवर सातची वेळ पाळता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र यजमानांच्या घरी जेवतो. नागलीची भाकरी, पिठलं, कांदा, ठेचा, वरण आणि तिथलाच भात. अकोले तालुक्याचा काळभात मिळाला तर मी पाच किलो बांधूनही आणते. त्याचा वास शिजतानाच घरभर होतो. धाकटा घरी नागलीला तोंड लावत नाही. तिथे चुलीपुढे बसून भाकरी फुगताना बघतो आणि तीच भाकरी मागून खातो.

दुसऱ्या रात्रीची खिचडी मुलं करतात. यजमानांनी दाखवलेल्या जागी, जिथे आधीपासून चूल पेटते तिथेच, तीन दगड. लाकूड त्यांच्याकडून विकत घ्यायचं, झाडाला हात लावायचा नाही. पुतण्या जाळ सांभाळतो, थोरली तांदूळ-डाळ धुते, धाकटा मटार सोलतो आणि निम्मे खातो. तासभर लागतो. मोठ्या कुणीही ‘दे, मी करते’ म्हणायचं नाही, हे जाऊबाईंनी आणि मी एकमेकींना आधीच बजावलेलं असतं. खिचडीला धुराचा वास येतो आणि पातेल्याला ती खालून लागते. पातेलं खरवडून जातं.

मधला दिवस रिकामा म्हणजे खरंच रिकामा. सकाळी धरणावरचं धुकं उठेपर्यंत शेकोटी, चहा, मुलांना दूध. मग ती बांधावर गायब होतात. अर्थात नजरेच्या टप्प्यात. गेल्या खेपेला त्यांनी खाचराच्या कडेला चिखलाचं धरण बांधलं, भिंत फुटली, पुन्हा बांधलं, पेंढा कालवून पुन्हा बांधलं. यात सकाळ गेली. समोर विल्सन डॅमने अडवलेलं पाणी पसरलेलं होतं, १९२६ साली पुरं झालेलं, मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नरचं नाव लागलेलं धरण, आणि इकडे तीन पोरं प्रवरेच्या पाण्याला बोटभर बांध घालत होती. भाऊजी पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य घालवलेले. ते बाजूला उकिडवे बसून सांडवा म्हणजे काय आणि तो भिंतीपेक्षा खाली का ठेवतात ते समजावत होते. असं काही ठरवून घडवता येत नाही. वेळ मोकळा ठेवला तरच घडतं.

दुपारी उन्हं कलली की यादीतली ती एक गोष्ट. बहुतेकदा रतनवाडीचं अमृतेश्वर. शिलाहारकालीन मानलं जाणारं हे देऊळ मुलांना बघायला सोपं आहे, कारण कोरीवकाम त्यांच्या डोळ्यांच्या उंचीपासून सुरू होतं. आम्ही त्यांना माहिती सांगत बसत नाही. प्रत्येकाने एक आकृती शोधायची आणि ती कागदावर काढायची एवढंच. बाजूला कोनाड्यांत मूर्ती असलेली पुष्करणी आहे, तिच्या काठावर लहान मुलाचा हात सोडायचा नाही. मागे रतनगड, जिथे प्रवरा उगम पावते. ‘म्हणजे आपलं धरण इथून सुरू होतं?’ असं थोरलीने विचारलं तेव्हा नवऱ्याला त्याचा हुकलेला ट्रेक वसूल झाल्यासारखा वाटला.

एकदा घाटघरलाही गेलो. तिथला जलविद्युत प्रकल्प २५० मेगावॉटचा आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. पुतण्या अर्धा तास त्यावरच बोलत होता. कड्यावर मात्र वारा जोराचा असतो. तिथे एका मोठ्याला एक मूल, हे गणित आम्ही मोडत नाही.

पाण्याबाबत माझं म्हणणं एवढंच: धरण पोहण्यासाठी नाही. काठ गाळाचा आहे, कुठे अचानक खोल जातो ते वरून कळत नाही. घोट्यापर्यंत पाय बुडवायचा तरी मोठ्याचा हात धरून. होडीत बसायचं तर प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट, लहान मुलाला त्याच्या मापाचं. मापाचं नसेल तर होडी नाही. मुलं रुसतात, तासाभरात विसरतात.

रात्रीचा कार्यक्रम सासूबाईंचा. त्या लहानपणी सिन्नरकडच्या शेतात ज्वारीची जागल करायला वडिलांबरोबर माळ्यावर झोपत. बाहेर झोपणं हे त्यांच्यासाठी काम होतं. घड्याळ नव्हतं, ताऱ्यांवरून रात्र किती उरली ते ओळखायचं. तेच त्या मुलांना शिकवतात. आधी पूर्वेला मृग शोधायचं, चार पायांचे चार तारे आणि पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण. बाणाची रेघ खाली नेली की व्याध, सगळ्यांत तेजस्वी. वर नेली की तांबूस रोहिणी, आणखी पुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिकेत किती तारे दिसतात यावर पैज लागते. सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पुन्हा सहा दिसायला लागले, ते त्यांनी तिथेच, भंडारदऱ्याला, पहिल्यांदा मोजले.

मग मी माझी भर घालते. व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साधारण साडेआठ वर्षं लागतात. म्हणजे आज जो प्रकाश दिसतोय तो थोरली जन्मली त्या सुमाराला तिकडून निघाला. हे ऐकून ती कितीतरी वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘मग धाकट्याचा तारा कुठला?’ पाच प्रकाशवर्षांच्या आत नुसत्या डोळ्यांना दिसणारा एकच ठळक तारा आहे, मित्र, नरतुरंग तारकासमूहातला, आणि तो उन्हाळ्यात संध्याकाळी दक्षिणेला खाली दिसतो. धाकट्याला त्यासाठी मे महिन्याची तारीख द्यावी लागली. ध्रुव शोधायलाही सोपा उपाय आहे. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. आपल्या अक्षांशावर ध्रुव क्षितिजापासून एकोणीस-वीस अंशांवर, म्हणजे उत्तरेला दोन मुठी. मुलांनी मुठी रचून तो शोधला.

शेवटच्या सकाळी घाई करायची नाही, पण सुरुवात लवकर करायची. तंबू दवाने ओला असतो. ऊन चढेपर्यंत तो उलटा करून वाळवायचा, तोवर नाश्ता. ओला गुंडाळला तर बुरशी धरतो आणि पुढच्या वर्षी वास येतो. खुंट्या मोजायच्या, खाचरात ओळीने उभं राहून एका बांधापासून दुसऱ्यापर्यंत सगळ्यांनी खाली बघत चालायचं, चिंधी, कागद, रबर काहीही उरलेलं उचलायचं. अकराला निघालं की दोनपर्यंत घर. रविवारची संध्याकाळ अंघोळी, नखं आणि दप्तर भरण्यासाठी मोकळी ठेवायची, म्हणजे सोमवारी शाळा रडत होत नाही.

मे अखेरीचा बेत आता घरात चालू आहे. मित्र दाखवायचाच आहे आणि त्याच सुमाराला, पावसाच्या तोंडावर, त्या रानात काजवे असतात. तेव्हाचं नियोजन वेगळं. थंडीचं सामान नको, पण वळवाचा पाऊस आणि विजा कधीही येऊ शकतात, म्हणून तंबूऐवजी यजमानांच्या घरात मुक्काम. काजव्यांचे नर चमकून मादीला खुणावतात. गाड्यांचे दिवे, टॉर्च, मोबाइलचे फ्लॅश यांनी त्यात व्यत्यय येतो, म्हणून गाडी गावातच सोडून यजमानांबरोबर चालत जाऊ, मोबाइल घरी ठेवून. झाडाला हात नाही, काजवा बाटलीत भरणं नाही. शनिवार-रविवारी तिथे फार गर्दी होते, तेव्हा शाळेच्या सुट्टीत मंगळवार-बुधवार बरा. वन विभाग त्या काळात गाड्यांवर निर्बंध घालतो, तर निघण्याआधी यजमानांना फोन करून त्या आठवड्याचे नियम विचारायचे आहेत. जाऊबाईंनी त्यांची रजा आत्ताच टाकली आहे.